घरची रोजकीर्द

आमच्या घराण्यात जमाखर्च लिहिण्याचा शिरस्ता आजोबांनी घातला. वाईला एका जहागीरदाराच्या वाड्यावर त्यांची कारकुनी हयातभर चालली, आणि दिवसभर परक्याची कीर्द लिहून घरी परतलेला हा मनुष्य दिवेलागणीनंतर पुन्हा बोरू हाती घेऊन स्वतःच्या घरची रोजकीर्द लिहावयास बसे. तांबड्या कापडात बांधलेली उभट चोपडी, शिरोभागी ‘श्री’, डाव्या हातास जमा, उजव्या हातास खर्च, पहिले कलम आरंभीच्या शिलकेचे आणि शेवटचे अखेर शिलकेचे. मजकूर सारा मोडीत, आणि पाव, अर्धा, पाऊण दाखविण्यासाठी आकड्यापुढे उभे दंड. लिहून झाले की पेटीतील रोकड मोजावयाची, ती वहीतील शिलकेशी ताडून पाहावयाची, आणि दोहोंत एका पैचा जरी फरक आला तरी तो कोठून आला हे उमगेपर्यंत वही मिटावयाची नाही, असा त्यांचा नेम होता. पैचे मोल कळण्याचे माझे ते वय नव्हते. मात्र मेळ बसेपर्यंत घरातले कोणी निजत नसे, त्यावरून हिशेब ही गंभीर गोष्ट आहे एवढे मला फार लवकर कळले.

त्यांच्या वहीत ‘किरकोळ’ नावाचे खाते नव्हते. सरकारी दफ्तरात सादिलवार खर्चाचे खाते ठेवावे लागते, कारण प्रत्येक लहान कलमाला वेगळी मंजुरी घेत बसल्यास कामच अडेल. घरात मंजुरी कोणाची घ्यावयाची नाही, मग सुतळीच्या गुंडीला सुतळीची गुंडी म्हणावयास कसली अडचण, असे ते विचारीत. या आग्रहामागची दृष्टी मला पुष्कळ वर्षांनी, इतिहासाच्या वाचनामुळे उमगली. पेशवे दफ्तरातील रोजकीर्दींचे रुमाल पुण्याच्या पुराभिलेखागारात जतन केलेले आहेत, आणि गणेश चिमणाजी वाड यांनी सातारकर राजे व पेशवे यांच्या रोजनिशींतून निवडलेले उतारे खंडशः छापूनही निघाले आहेत. बखरकाराने लढायांवर पानेच्या पाने खर्ची घालावीत. परंतु पीक बुडालेल्या गावास वसुलात काय सूट मिळाली, लढाईत पडलेल्या शिपायाच्या बायकोस काय नेमणूक करून दिली, हे हिशेबनीसाच्या लेखणीवाचून आपणांस कळले नसते. राज्याचे मन जसे त्याच्या खर्चात दिसते तसे कुटुंबाचेही दिसते, आणि ‘किरकोळ’ या सदराखाली नेमका तोच भाग झाकला जातो.

आजोबांच्या पश्चात वही वडिलांकडे आली. वडील मामलेदार कचेरीत होते. त्यांनी मोडी सोडून बालबोधीत लिहावयास आरंभ केला, आणि थोड्याच वर्षांत, १ एप्रिल १९५७ पासून, रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले. रुपये, आणे, पै अशी तीन घरे आखलेल्या पानावर आता दोनच घरे पुरू लागली. आण्याचे सव्वासहा नवे पैसे होत. परंतु पाव पैशाचे नाणे कोठून आणावे? सुट्या आण्याला सहाच नवे पैसे मिळत, आणि तो पाव पैसा कोणत्या बाजूस टाकावा या विवंचनेत वडिलांनी घालविलेल्या संध्याकाळी मला आठवतात. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी ही जी पाढ्यांची पलटण आम्हां मुलांकडून घोकून घेतली गेली होती, तिचे काम त्या दिवसापासून संपत आले. तीच गोष्ट शेर-पायलीची. किलोग्रॅम पाठोपाठच आला.

या दोन्ही वह्यांत एक उणीव होती, आणि तिच्याविषयी मला आजही तीव्रतेने वाटते. आईच्या हातांत ती वही कधीही आली नाही. घरातला बहुतेक सारा खर्च तिच्या हातून होई, संध्याकाळी ती तोंडी हिशेब देई, वडील तो लिहून घेत, आणि वही पुन्हा ट्रंकेत जाई. वडील कठोर नव्हते; ती रीतच होती. परंतु जबाब देणारी एक आणि दफ्तर बाळगणारा दुसरा, अशी ही वाटणी होती, आणि पैसा तिच्या हातून जात असला तरी तो कोठे जावा हे ठरविण्याचा अधिकार तिला नव्हता. वडिलांच्या निधनानंतर मी त्या वह्या सलग वाचून काढल्या. सणासुदीचे लुगडे आणि बाळंतपणाची औषधे यांखेरीज आईच्या नावचे कलम क्वचितच आढळले. उन्हाळ्यात तिने लाटलेले पापड, वळलेल्या शेवया, वडिलांच्या जुन्या धोतरांच्या शिवलेल्या गोधड्या, पहाटेपासूनचे दळणकांडण, यांतील कशाचीच नोंद नाही, आणि ती असणेही शक्य नव्हते. कारण जे विकत आणले नाही त्याचे कलम कीर्दीत पडतच नाही. वडिलांच्या तुटपुंज्या पगारात महिनाअखेरीस जी शिल्लक उरे तिचा मोठा हिस्सा आईने निर्माण केलेला होता, आणि जमेच्या बाजूस मात्र एकट्या वडिलांचे नाव होते.

म्हणून लग्नानंतर गिरगावातील चाळीत आमचा संसार सुरू झाला तेव्हा वही फडताळात, सर्वांचा हात पोहोचेल अशा फळीवर ठेवावयाची, असे मी पहिल्याच महिन्यात सांगितले, आणि माझ्या यजमानांनी ते आनंदाने मान्य केले. ते एका खाजगी पेढीत नोकरीस होते, मी शाळेत शिकवीत असे. दोघांचे पगार एकाच पानावर जमा होत, आणि ज्याने खर्च केला त्याने स्वतःच्या हाताने कलम लिहावयाचे असा नियम होता. पगाराच्या आदल्या संध्याकाळी आम्ही पुढील महिन्याचे अंदाजपत्रक मांडीत असू. खोलीचे भाडे, गावी सासूबाईंना मनिऑर्डर, मुलांची फी आणि चाळीतील बायकांची भिशी, ही कलमे प्रथम. उरलेल्या रकमेत वाणसामान, दूध, रॉकेल, आलागेला आणि दुखणेबाणे. मनिऑर्डरीचे कलम आम्ही कधी खाली सरकू दिले नाही, याचे समाधान मला बँकेतल्या ठेवीहून मोठे वाटते. महिना संपला की रोजच्या कलमांची खतावणी होई आणि ती मोठ्याने वाचली जाई. मुले ऐकत. धाकट्याने एकदा, ताईच्या चष्म्याला एवढे पैसे लागले तर माझी बॅट पुढच्या महिन्यात घेऊ, असे आपण होऊन सांगितले. तो तेव्हा प्राथमिक शाळेत होता. मुलांपासून घरची अडचण लपविण्यात वात्सल्य आहे असे मानणाऱ्या आईबापांशी माझा या बाबतीत कायमचा मतभेद आहे.

पुढे १९७२ चे दुष्काळी वर्ष आले आणि महागाईने मुंबईला ग्रासले. धान्य, तेल, रॉकेल यांसाठी रांगा लागल्या. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या नेतृत्वाखाली निरनिराळ्या पक्षांच्या स्त्रिया महागाईविरुद्धच्या संयुक्त समितीत एकत्र आल्या, आणि हाती लाटणी घेतलेले त्यांचे मोर्चे शहराने पाहिले. आमच्या चाळीतील बायका त्यांत होत्या, मीही होते. ज्यांना कधी सभेत तोंड उघडावयाचे ठाऊक नव्हते त्या बायका तेलाचा गेल्या दिवाळीचा भाव आणि आजचा भाव खडाखडा सांगत होत्या, कारण तो त्यांच्या वहीत किंवा स्मरणात लिहिलेला होता.

घरगुती खर्चाच्या या नोंदींचे सामर्थ्य केवढे आहे हे मला त्याच सुमारास यजमानांच्या महागाई भत्त्यावरून समजले. हा भत्ता ज्या ग्राहक किंमत निर्देशांकावर अवलंबून असतो तो अखेर कामगार कुटुंबांच्या जमाखर्चांतूनच सिद्ध होतो. मुंबईच्या कामगार वर्गाच्या घरखर्चाची पाहणी सरकारच्या लेबर ऑफिसने १९२१-२२ साली केली व तिचा अहवाल १९२३ साली प्रसिद्ध झाला. तेव्हापासून ही परंपरा चालत आली आहे. औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकात १९६० हे पायाभूत वर्ष धरले होते तेव्हा अन्नाचा वाटा शेकडा साठच्या आसपास होता. २०१६ च्या मालिकेत तो सुमारे ३९ वर आला आहे. आमच्या स्वतःच्या वह्यांतही हाच उतार दिसतो. वाणसामानाचे कलम लहान होत गेले आणि औषधे, प्रवास व शिक्षण यांची कलमे फुगत गेली.

आता यजमान नाहीत, आणि वही मी एकटी लिहिते. नात पुण्यात नोकरी करते; तिचा सारा व्यवहार मोबाइलवर होतो. २०१६ नंतर यूपीआयने जो पालट घडविला तो आणे-पैच्या पालटाहून मोठा आहे, असे माझे मत आहे. कारण त्या वेळी नाणे बदलले, या वेळी पैसा हातातून जाताना जाणवणेच थांबले. रक्कम, वेळ आणि दुकानाचे नाव यंत्र बिनचूक टिपते. ती वस्तू कोणासाठी घेतली आणि कशासाठी, हे ते टिपत नाही. नातीने या नोंदी स्प्रेडशीटमध्ये मांडून मोठ्या उमेदीने मला दाखविल्या, तेव्हा सर्वांत मोठा आकडा ‘इतर’ या रकान्यात होता. मी तिला तो रकाना मोडावयास सांगितला, आणि तिने पुढच्या महिन्यापासून तो मोडलाही. तिच्या नवऱ्याच्या नोंदी मात्र त्याच्या मोबाइलमध्ये आहेत. दोघे कष्टाळू, दोघे सरळ. परंतु एका छपराखाली दोन दफ्तरे चालतात, आणि घराची अखेर शिल्लक दोघांनाही ठाऊक नाही. ट्रंकेतली वही आणि खिशातला मोबाइल यांत मला या दृष्टीने फारसे अंतर दिसत नाही.

वाचकहो, वही कागदाची असो वा यंत्रातली, तिची मला चिंता नाही. महिन्यातून एकदा ती घरातल्या सर्वांसमोर, मुलांसमोरही, मोठ्याने वाचा; आणि लिहिण्याचे काम काही महिने तरी घरात ज्याची स्वतःची कमाई नाही त्याच्याकडे द्या.