पडणाऱ्या वस्तूवरचे बाण

मिठाईच्या दुकानात लाडूखाली चुण्यांची कागदी वाटी ठेवतात. अकरावीला टर्मिनल व्हेलॉसिटी शिकवायला याहून चांगलं साधन मला सापडलेलं नाही. प्रयोगशाळेत एरंडेलाचं उंच नळकांडं आणि पोलादी गोळ्या असतात, पण तेलात बारीक गोळी डोळ्याचं पातं लवायच्या आत अंतिम वेगाला पोचते. वेग वाढताना मुलांना दिसतच नाही. वाटी तो दाखवते.

हातातून सुटताना वेग शून्य, म्हणून हवेचा विरोधही शून्य. फक्त वजनाचा खाली जाणारा बाण. वेग वाढतो तसा विरोधाचा बाण वर लांबत जातो आणि वीत-दीड वीत अंतरात वजनाच्या बरोबरीला येतो. तेलात गोळीला वर ढकलणारं प्लावक बलही हिशेबात घ्यावं लागतं. हवेत ते नगण्य.

इथे वर्ग अडतो. "मॅडम, एकूण बल शून्य झालं, मग वाटी थांबत का नाही?" हा प्रश्न आला नाही तर मला तास फुकट गेल्यासारखा वाटतो. उत्तर मी लगेच देत नाही. बलांचे बाण पांढऱ्या खडूने वस्तूवर, वेगाचा बाण पिवळ्या खडूने बाजूला, एवढंच सांगते. निम्मा गोंधळ दोन्ही एकाच खडूने काढल्यामुळे होतो, असं माझं ठाम मत आहे. पांढऱ्या बाणांची फिट्टंफाट झाली तरी पिवळा जसाच्या तसा उरतो. तो कमी करायला वरच्या दिशेने जादा बल लागेल, आणि ते तर कुठेच नाही.

मग चार वाट्या एकात एक. वजन चौपट, हवेला भिडणारं क्षेत्रफळ तेवढंच. विरोध वेगाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे दुप्पट वेगाला बाण पुन्हा जुळतात. एक वाटी 1 मीटरवरून आणि चारांची चवड 2 मीटरवरून एकदम सोडली, की दोन्ही जवळजवळ एकाच वेळी फरशीला टेकतात.

पावसाचंही हेच. हवा नसती तर 2 किलोमीटरवरून पडलेला थेंब ताशी सुमारे 700 किलोमीटर वेगाने आदळला असता. प्रत्यक्षात मोठा थेंबही सेकंदाला 9 मीटरच्या आसपासच राहतो, म्हणून कोवळी भातरोपं तग धरतात.

शेवटी पॅराशूट. छत्री उघडते तेव्हा माणूस सेकंदाला पन्नासेक मीटर वेगाने खाली येत असतो. त्या क्षणी विरोध वजनाहून कितीतरी मोठा: पांढरी बेरीज वर, पिवळा बाण खाली. व्हिडिओत तो वर खेचला गेल्यासारखा दिसतो, कारण चित्रण करणारा अजून जुन्याच वेगाने पडत असतो. छत्रीखालचा मात्र खालीच येत राहतो. फक्त वेग उतरतो, त्याबरोबर विरोधही, आणि सेकंदाला पाचेक मीटरवर दोन्ही पांढरे बाण पुन्हा सारख्या लांबीचे होतात.