थापांची पुस्तकं

आमच्या घरी फँटसी कादंबऱ्यांना एकच नाव होतं : थापांची पुस्तकं. बाबांनी ठेवलेलं. बाबा विज्ञानाचे शिक्षक, बुलडाणा जिल्ह्यातल्याच एका शाळेत बत्तीस वर्षं, आणि सुट्टीच्या दिवशी शेतकरी. मी पुस्तक घेऊन धाब्यावर गेले की खालून हाक यायची, "काय वाचून राह्यली? थापा का?"

थापाच होत्या. सुरुवात नाथमाधवांच्या 'वीरधवल'पासून झाली. १९१३ सालची कादंबरी, आमच्याकडे आलेली प्रत पुढची-मागची पानं गेलेली. पुढे कधीतरी कळलं की नाथमाधव म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे तरुणपणी सिंहगडावरून पडले, कमरेखालचं शरीर लुळं झालं, आणि त्यानंतर त्यांनी हे सगळं लिहिलं. अंथरुणावर खिळलेला माणूस घोडदौडी लिहितो, यात पळवाट बघायची की हिंमत, हे ज्याचं त्यानं ठरवावं. मी ठरवलंय.

बाबांचा मुद्दा मात्र वेगळा होता आणि तो अगदीच टाकाऊ नव्हता. आमच्या जिल्ह्यात अक्षय्य तृतीयेला भेंडवळची घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पावसाचं, पिकांचं भाकीत सांगतात. ते पेपरात छापून येतं आणि बाबांचा तो दिवस खराब जातो. त्यांचं म्हणणं असं, की लोक आधीच काहीही खरं मानतात, त्यात तुम्ही आणखी जादूगार कशाला आणता?

यावर मी बरीच वर्षं मनातल्या मनात भांडले. माझं उत्तर असं : गँडाल्फच्या सांगण्यावरून कुणी सोयाबीन पेरत नाही. कादंबरी पहिल्याच पानावर कबूल करते की मी खोटी आहे. फसवायचं असेल तर कुणी असं कबूल करेल का?

आता माझी मतं. (मावशी, तू म्हणशील परत सुरू झाली. वगळून पुढे जा :))

पहिलं मत. जादू फुकट असेल तर पुस्तक बंद करावं. छडी फिरवली आणि अडचण गेली, यात वाचण्यासारखं काही नाही. जादूला किंमत हवी. म्हणून मला अर्सुला ल ग्विनचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८) सगळ्यांच्या वर वाटतं. गेड नावाचा पोरगा निव्वळ घमेंडीपोटी नको ती विद्या वापरतो, त्यातून एक सावली सुटते आणि ती त्याच्या मागे लागते. शेवटी तो तिला कोणत्या नावाने हाक मारतो, ते सांगत नाही. पण ते वाचल्यावर मी कितीतरी वेळ तशीच बसले होते.

दुसरं. हॅरी पॉटर मला आवडतो, पण मंत्रांसाठी नाही. जिन्याखालच्या खोलीत झोपणाऱ्या पोराला एक दिवस स्वतःच्या नावावर पत्र येतं, यासाठी. जॉर्ज मार्टिनची मालिका पाचव्या भागापर्यंत (२०११) वाचली. हुशार माणूस आहे, पण मेलेल्यांची यादी ठेवता ठेवता दमले. पुढच्या भागाची वाट बघणं सोडून दिलं.

तिसरं, आणि हे मनाला लागतं. मराठीत हे इतकं थोडं का? ऐतिहासिक कादंबऱ्यांनी कपाटं भरली आहेत. भयकथांना नारायण धारप मिळाले. पण स्वतःचं जग रचणारी, नकाशा काढून बसावं अशी मोठी मराठी कादंबरी कुणी मागितली तर मी अडखळते. कच्चा माल नाही म्हणावं तर आमच्या जिल्ह्यात लोणार आहे! बेसॉल्टच्या खडकात उल्का आदळून झालेलं विवर, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं. आणि त्याच जागेची आजी सांगायची ती गोष्ट : जमिनीखाली लपलेला लवणासुर, विष्णूने पायाच्या अंगठ्याने उडवलेलं झाकण. गावात दैत्यसूदनाचं देऊळ आजही उभं आहे. बाबा सहलीत उल्केबद्दल सांगायचे, आजी रात्री असुराबद्दल. मला दोन्ही पाठ होतं आणि दोन्हींत कधी गोंधळ झाला नाही. टॉल्किनने इंग्लंडच्या खेड्यातून शायर उभं केलं. लोणारच्या काठावर बसून कुणी काही रचलं तर मी पहिली गिऱ्हाईक.

असो. खरं सांगायचंय ते पुढेच आहे.

गेल्या हिवाळ्यात बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काही दिवस पेपर नाही, टीव्ही नाही. दुसऱ्याच संध्याकाळी चिडचिड सुरू झाली. मी म्हटलं, वाचून दाखवते. "काय? थापा?" "हो, थापाच." आणि 'द हॉबिट' काढलं. १९३७ सालचं, लहान मुलांसाठी लिहिलेलं, एकोणीस प्रकरणांचं. इंग्रजी वाचत वाचत आपल्या बोलीत सांगत गेले.

पहिल्याच प्रकरणात हरकत. तेरा बुटके न सांगता जेवायला येतात. बाबा म्हणाले, "घरात एकटा माणूस, अन् तेरा जणांचा स्वैपाक पुरला कसा?" मी म्हटलं, बाबा, त्यात जादूगार आहे, ड्रॅगन आहे, आणि तुम्हाला स्वयंपाक खटकतो? "ड्रॅगन हाये तर हाये. पण धान्याचा हिशोब पाह्यजे ना." मला वाटतं फँटसीवर इतकी नेमकी टीका मी कुठे वाचलेली नाही.

गॉलमच्या कोड्यांपाशी ते उठून बसले. तिसऱ्या दिवसापासून दिवेलागण झाली की, "मंग पुढं काय झालं?"

ड्रॅगन मरतो ते प्रकरण आलं तेव्हा त्यांना वाटलं, संपलं. पण खरी गोष्ट तिथून सुरू होते. थोरिन, बुटक्यांचा राजा, सोन्याचा डोंगर मिळाल्यावर दरवाजा चिणून घेतो. खाली जळालेल्या गावातले लोक उघड्यावर आहेत, त्यांच्यातल्याच एकाने ड्रॅगन मारलाय, पण हा एक नाणं द्यायला तयार नाही. शेवटी बिल्बो त्याचं सगळ्यांत लाडकं रत्न गुपचूप नेऊन समोरच्यांना देतो, लढाई टळावी म्हणून. टळत नाही. मरताना थोरिनला उमगतं, आणि तो बिल्बोशी समेट करतो.

मी वाचायची थांबले. बाबा डोळ्यांवरचा काळा चष्मा तसाच ठेवून बसलेले.

आमच्या घरातले जे हे वाचतायत त्यांना सांगायला नको, बाबा आणि काका अकरा वर्षं बोलत नव्हते. बांधाचा वाद. दीड-दोन हाताची पट्टी, त्यावर बोरीचं एक झाड. दोघांच्याही बाजूने कागद होते, मोजण्या झाल्या होत्या. लग्नकार्यात दोघं दोन टोकांना बसायचे.

बाबांनी एवढंच विचारलं, "तो दगड त्यानं देऊनच टाकला? सोताचा हिस्सा असून?"

"हो."

"हं."

पुस्तकाने चमत्कार केला असं मी म्हणणार नाही. बाबांना ते चालणार नाही, आणि मघाशी मीच म्हटलंय की जादू फुकट नसते. पण चार दिवसांनी त्यांनी माझ्याकडून फोन लावून घेतला आणि काकांना विचारलं, तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ड्रॉप किती दिवस घातले होते? दोन मिनिटं बोलणं. बांधाचं नाव नाही. संक्रांतीला काका तिळगूळ घेऊन आले, बसले, तुरीचे भाव बोलले, गेले. पट्टीचा निकाल अजून लागलेला नाही. बोरं मात्र यंदा दोन्ही घरांत आली.

आता बाबांचे डोळे ठीक आहेत. पेपर स्वतः वाचतात. परवा मी धाब्यावर होते तर खालून आवाज आला, "काय वाचून राह्यली?"

"थापा."

थोडा वेळ गेला. मग, "मोठ्यानं वाच."