माझ्या गाडीचा धूर आणि पीयूसीचा कागद

जरा लाज वाटते, पण लिहितोच.

चार वर्षांपूर्वी सेकंड हँड डिझेल स्विफ्ट घेतली. 1248 सीसी, 75 हॉर्सपॉवर. दोन हजार आरपीएमच्या खाली टर्बो झोपलेला. घाटात ट्रकच्या मागे अडकलो की जीव नकोसा व्हायचा. मग घरच्या पडवीतच उद्योग सुरू केला. लॅपटॉप, एक केबल आणि विकत घेतलेली फाईल. ईसीयूमध्ये ती चढवली की टर्बोचा दाब वाढतो, डिझेल जास्त जातं. सोबत फॅब्रिकेशनवाल्याकडून पत्र्याची पट्टी कापून आणली आणि ईजीआर बंद केला.

गाडी पळायला लागली, खोटं कशाला बोलू! आठवडाभर हवेतच होतो.

नंतर एकदा पुण्याहून येताना खंबाटकीच्या चढाला ओव्हरटेक करायला पाय पूर्ण दाबला. आरशात पाहिलं तर मागे काळाकुट्ट ढग. त्या ढगातून एक दुचाकी बाहेर आली. मागे बसलेल्या बाईने मांडीवरच्या पोराचं तोंड पदराने घट्ट झाकलं होतं.

तो धूर माझा होता. हवा पुरत नाही तिथे जास्तीचं डिझेल अर्धवट जळतं, त्याची काजळी होते. आणि ईजीआर बंद केल्यावर जे वाढतं ते तर दिसतही नाही. थोडा धूर परत इंजिनात फिरवून आतलं तापमान कमी ठेवायचं, म्हणजे नायट्रोजन ऑक्साइड कमी होतात, एवढंच त्याचं काम. तेच मी पत्र्याने बुजवलं होतं.

पुढची गोष्ट जास्त गंभीर आहे. ह्याच गाडीची पीयूसी मी काढली. पोराने नळी लावली, पण ॲक्सिलरेटर दाबलाच नाही. गाडी नुसती चालू, फोटो काढला, कागद हातात. पास! डिझेलची खरी चाचणी इंजिन पूर्ण रेज करूनच होते. आणि त्यातही फक्त धुराचा दाटपणा मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड नाहीच.

बुलेटचे सायलेन्सर पोलीस पकडतात, रोडरोलरखाली चिरडतात. चांगलंच आहे. पण ते सापडतात कारण आवाज येतो. लॅपटॉपमधली फाईल कोणाला ऐकू येणार? मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, कंपनीच्या मूळ रचनेत बदल चालणार नाही असं 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलं. प्रदूषणासाठी दहा हजारांपर्यंत दंड आहे. पण तपासणारच कोणी नसेल तर कायदा कागदावरच राहतो, माझ्या पीयूसीसारखा.

सहा महिन्यांत क्लच घसरायला लागला. वाढलेला टॉर्क त्याला झेपेना. तो बदलला, तेव्हाच पत्रा काढला आणि जपून ठेवलेली मूळ फाईल परत टाकली. क्लच गेला नसता तर आरशातल्या त्या बाईसाठी मी हे केलं असतं का? खरं सांगतो, माहीत नाही. म्हणूनच आपल्या मनावर सोडून चालणार नाही, तपासणी खरी हवी.

इंजिनाचा नाद वाईट नाही. ऑईल वेळेवर बदला, एअर फिल्टर साफ ठेवा, टर्बोचे पाईप फाटलेत का बघा. निम्म्या गाड्यांची ओढ तेवढ्यानेच परत येईल.

आणि पुढच्या वेळी पीयूसीला गेलात की एवढंच म्हणा, "दादा, नीट रेज करून तपासा."

तुमच्याकडे पीयूसी कशी होते? कमेंटमध्ये खरं लिहा.