पुसलेला क्रमांक

फुटबॉल या खेळाशीं आमचा संबंध शाळेंत असतांना एकदां नाकावर चेंडू बसला, तेवढाच. त्यामुळें बेल्जियममध्यें नोकरीस असलेल्या पुतण्याकडे आम्ही उभयतां महिनाभर राहावयास गेलों, तेव्हां तेथील एका फुटबॉल-संघाची कुळकथा आमच्या मनांत घर करून बसेल असें कोणीं सांगितलें असतें, तर आम्हीं तें हंसण्यावारी नेलें असतें.

पुतण्याचें बिऱ्हाड गेंक येथें, लिंबुर्ग प्रांतांत आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं गेंक हें माळरानावरचें एक खेडें होतें. निसर्गचित्रें काढणाऱ्या चित्रकारांखेरीज त्याची वास्तपुस्त फारसें कोणी करीत नसे. १९०१ सालीं आंद्रे द्युमाँ या भूगर्भशास्त्रज्ञाला जवळच आस येथें कोळसा लागला आणि गांवाचें नशीब पालटलें. गेंकच्या हद्दींत विंटरस्लाख, वाटरस्खेई आणि झ्वार्टबेर्ख अशा तीन खाणी निघाल्या. पोलंड, इटली, ग्रीस, तुर्कस्तान अशा दूरदूरच्या देशांतून मजूर आले. खाणीभोंवतीं वसाहती उठल्या, शाळा व प्रार्थनामंदिरें झालीं. आणि अर्थातच फुटबॉलचे संघही झाले.

पुतण्याच्या शेजारीं एक वृद्ध गृहस्थ राहतात. त्यांचे वडील वाटरस्खेईच्या खाणींत कामाला होते. चहा घेतां घेतां त्यांनीं आम्हांला दोन संघांची गोष्ट सांगितली. वाटरस्खेईच्या संघाचें नांव ‘थोर’. आमच्या मराठी कानाला तें एकदम आपलें वाटलें. परंतु तें चार डच शब्दांच्या आद्याक्षरांचें बनलेलें असून ‘आमच्या हक्कांच्या पुनःस्थापनेसाठीं’ असा त्याचा अर्थ आहे. थोरचा पोषाख पिवळा-काळा, विंटरस्लाखचा तांबडा-काळा. दोहोंतला काळा रंग तेवढा सारखा. दोन्ही वस्त्या शेजारच्या. पण या सीमेवरचा माणूस त्या सीमेवर चेंडू पाहावयास जाई, तो भांडणाच्या तयारीनेंच.

दोघांनींही पराक्रम लहान केले नाहींत. १९८१ सालीं विंटरस्लाखनें लंडनच्या आर्सेनलसारख्या मातब्बर संघाला युरोपीय स्पर्धेंतून बाहेर काढलें. थोरनें १९८० व १९८२ सालीं बेल्जियमचा चषक जिंकला. १९८३ सालीं पॅरिसच्या संघाला हरवून तो चषकविजेत्यांच्या युरोपीय स्पर्धेंत उपांत्य फेरीपर्यंत पोहोंचला. तेथें स्कॉटलंडच्या ॲबरडीननें त्याला पहिल्या सामन्यांत पांच विरुद्ध एक असें लोळविलें. दुसरा सामना थोरनें जिंकला. पण तोंवर व्हावयाचें तें होऊन गेलें होतें.

मग कोळशाचे दिवस सरले. झ्वार्टबेर्खची खाण १९६६ सालींच बंद पडली होती. वाटरस्खेईची १९८७ सालीं मिटली, विंटरस्लाखची १९८८ सालीं. ज्या हातांनीं संघ पोसले ते हातच रिकामे झाले. तेव्हां दोन संघ नाइलाजानें एका चुलीवर आले आणि त्याच १९८८ सालीं रेसिंग गेंक हा संघ जन्मास आला. मैदान वाटरस्खेईच्या बाजूचें ठरलें. रंग निळा-पांढरा, म्हणजे दोघांचाही नव्हे. कोळशाची आठवण देणारा काळा रंगही गेला.

येथवर आम्ही नुसते ऐकत होतों. पुढें त्या गृहस्थांनीं जें सांगितलें त्यानें आमची सौभाग्यवती सावरून बसली. बेल्जियममध्यें प्रत्येक संघाला नोंदणीचा एक क्रमांक असतो. दोन संघ एक झाले म्हणजे एकाचा क्रमांक राहतो, दुसऱ्याचा खोडला जातो. विंटरस्लाख त्या वेळीं वरच्या श्रेणींत होता, थोर खालच्या. त्यामुळें विंटरस्लाखचा ३२२ हा क्रमांक राहिला. थोरचा जो खोडला गेला, तोही त्या गृहस्थांनीं न अडखळतां सांगितला. एकत्र झालेला संघ पहिल्याच वर्षीं तळाशीं जाऊन खालच्या श्रेणींत उतरला. “तुमचे वडील काय म्हणाले?” आम्हीं विचारलें. वडिलांनीं नव्या मैदानावर कधींच पाऊल ठेवलें नाहीं. मात्र १९९९ सालीं गेंक प्रथमच देशांत अजिंक्य ठरला, त्या दिवशीं ते दार लावून रेडिओ ऐकत बसले होते.

त्याच आठवड्यांत पुतण्यानें आम्हांला सामना दाखविला. मैदान निळ्या रंगानें फुलून गेलें होतें. आमचे शेजारीही निळा गळपट्टा बांधून आले होते. कोटाच्या खिशांतून मात्र दुसऱ्या एका गळपट्ट्याचें पिवळें-काळें टोंक डोकावत होतें. गोल झाला कीं ते मुलासारखे उड्या मारीत.

परततांना गाडींत सौभाग्यवतीनें विचारलें, “अहो, खोडलेल्या क्रमांकाचे लोकही याच संघासाठीं ओरडतात ना?”

“हो.”

“मनापासून?”

“अगदीं मनापासून. पाहिलेंस ना त्यांना?”

“पाहिलें. पण जुना क्रमांक त्यांना पाठ आहे, तेंही पाहिलें.”

आम्हांला बोलावयास सुचेना. बेचाळीस वर्षांपूर्वीं आमच्या लग्नांत ताटांतल्या तांदुळांत अंगठीनें एक नवें नांव लिहिलें गेलें होतें आणि माहेरचें नांव मागें पडलें होतें. त्या नांवावर या बाईनें संसार केला, पत्रांखालीं सही केली. आम्हीं मात्र त्या विधीकडे गंमत म्हणूनच पाहिलें होतें.

“तें नांव कोणीं निवडलें होतें?” आम्हीं विचारलें.

“तुमच्या आत्याबाईंनीं.”

“तुला आवडलें होतें?”

ती जरा थांबली. “आतां आवडतें,” म्हणाली.

बाहेर विंटरस्लाखच्या खाणीचा लोखंडी मनोरा दिसत होता. त्या खाणीच्या जागीं आतां कलामंदिर आहे. वाटरस्खेईच्या खाणीवर संशोधनाच्या उद्योगांची वसाहत उभी राहिली आहे आणि तिला थोरचें नांव दिलें आहे. संघाच्या नोंदवहींतून गेलेलें नांव निदान जागेनें तरी जपलें.

बिऱ्हाडीं पोहोंचल्यावर आम्हीं भीतभीत विचारलें, “माहेरच्या नांवानें हांक मारूं का?”

“मारून पाहा. ओ देतें कीं नाहीं, मलाच ठाऊक नाहीं.”

आम्हीं हांक मारली. तिनें लगेच ओ दिली.