ठळक म्हणजे मथळा नव्हे

वर्डच्या डॉकएक्स फाइलीच्या नावाची शेपटी बदलून ‘झिप’ करा आणि उघडा. आत बऱ्याच एक्सएमएल फाइली सापडतात: एकीत मजकूर, एकीत स्टाइली, एकीत क्रमांकांचे नियम. अशी फाइल दुसऱ्या रूपात नेणारा कन्व्हर्टर लिहिणाऱ्याचा दिवस इथे उगवतो आणि बहुतेकदा इथेच मावळतो.

मजकुराच्या फाइलीत परिच्छेद असतो आणि परिच्छेदात ‘रन’, म्हणजे एकाच सजावटीचा तुकडा. पण एखादा शब्द आज टाइप करून उद्या मधूनच दुरुस्त केला, की वर्ड त्याचे दोन-तीन रन करून ठेवतो. कोणता भाग कोणत्या बैठकीत लिहिला याची खूण त्याला हवी असते. पडद्यावर शब्द अखंड, पोटात चिंध्या.

मराठीत या चिंध्या महागात पडतात. प्रकाशकांकडे युनिकोडपूर्व फॉन्टांत टाइप केलेली पुस्तकं पडून असतात. त्यांत साठवलेली असतात रोमन चिन्हं. देवनागरी दिसते ती फॉन्टच्या कृपेनं. शिवाय तिथे ऱ्हस्व वेलांटी, दिसते तशीच, अक्षराच्या आधी येते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवतात. म्हणजे रूपांतरात तिला अक्षरावरून उडी मारायला लावायची. मी ही पायरी आधी ठेवली होती आणि रन जोडण्याची नंतर. एका कादंबरीत ‘किती’ची पहिली वेलांटी एका रनात आणि ‘क’ पुढच्या रनात. आता उडी कुणावरून मारणार? बिचारी ठिपक्यांच्या वर्तुळाला लोंबकळत राहिली. तेव्हापासून क्रम ठरला: आधी बैठकींच्या खुणा पुसायच्या, मग सारखे रन जोडायचे, मग फॉन्टकडे वळायचं. फॉन्ट वेगळा असलेले रन मात्र चुकूनही जोडायचे नाहीत, नाहीतर एरियलमधला साधा इंग्रजी शब्द देवनागरीत बरळू लागतो.

हा घोळ सापडला, कारण प्रत्येक पायरीनंतरचं एक्सएमएल उघडून पाहता येत होतं. त्याआधी मी सगळं एकाच अगडबंब एक्सएसएलटीत, म्हणजे एक्सएमएलचं रूपांतर करणाऱ्या भाषेतल्या एकाच फाइलीत, कोंबलं होतं. त्यात चूक दिसायची, पण तिचा जन्म कुठे झाला ते कळायचं नाही.

डॉकएक्ससोबत ओडीएफ फाइलीही येतात. ओडीएफ २००६ साली आयएसओ मानक झालं, डॉकएक्समागचं ओओएक्सएमएल २००८ साली. दोघांचे स्वभाव निराळे, म्हणून दोन्ही फाइली आधी आमच्या छोट्याशा एक्सएमएलात उतरवायच्या आणि तिथून एचटीएमएल किंवा ईपबकडे न्यायच्या.

एका संस्थेच्या नियमावलीनं मला चांगलंच तोंडघशी पाडलं. रूपांतरानंतर ‘नियम ७ (ब) पाहा’ हे वाक्य शाबूत, पण सातवा क्रमांकच कुठे नाही! आपोआप पडणारे क्रमांक मजकुरात नसतातच. परिच्छेदावर फक्त यादीची ओळख आणि पातळी असते. मोजायचं काम कन्व्हर्टरचं. मी मोजलंच नव्हतं.

मथळ्यांचं दुखणं तर रोजचं. लेखक स्टाइल देत नाही. ओळ ठळक करतो आणि १६ पॉइंटची करतो. फाइलीत ३२ लिहिलेलं असतं, कारण तिथे आकार अर्ध्या पॉइंटांत मोजतात. ठळक दिसलं की मथळा मानणारे कन्व्हर्टर मी पाहिलेत; त्यांच्या अनुक्रमणिकेत ‘टीप’ हा शब्द ऐटीत बसलेला असतो. मी अंदाज करत नाही. ओळीवर खूण ठेवतो आणि संपादकाला विचारतो. वेळ जातो, पण तो मला मान्य आहे.

वर्डच्या ‘होम’ टॅबवर ‘हेडिंग १’ असं बटण आहे. पुढचा मथळा लिहाल तेव्हा फॉन्ट मोठा करू नका, ते दाबा.