त्या मुलाची आई

आरती होऊन बुक्का लागल्यावर बुवांनी पुन्हा पूर्वरंगास आरंभ करावा, तसे काहीसे मला चित्रपटांच्या दुसऱ्या भागांविषयी वाटते. त्यातून कथा गुन्ह्याची असेल तर विचारूच नये. रहस्य उलगडले की तिची गोडी ओसरते. तरीही २०२२ सालचा ‘दृश्यम् २’ मी असोद्याच्या घरी मंडळींबरोबर बसून पाहिला, तो आत्याच्या एका जुन्या उद्गारामुळे.

पहिला भाग २०१५ सालचा. गोव्यातील विजय साळगावकर हा केबलचा धंदा करणारा, चौथी नापास गृहस्थ. घराच्या अब्रूवर उठलेला एक तरुण त्याच्या मुलीच्या हातून मारला जातो. तो निघतो पोलिस महानिरीक्षक मीरा देशमुख यांचा मुलगा. विजय प्रेत नाहीसे करून साऱ्या खात्यास चकवतो. आमच्या घरात कौतुकाला सीमा राहिली नाही. न शिकलेल्या माणसाच्या शहाणपणाचे अप्रूप आम्हां असोदेकरांस जरा अधिकच. बहिणाबाई चौधरींचे हे माहेर! आत्या मात्र म्हणाली, “त्या पोराच्या मायला त्याचं मढं बी नाही भेटलं रे!”

कथा मूळची मल्याळी, जीतू जोसेफ यांची. पण हिंदी चित्रपटाचे दिग्दर्शक होते आपले निशिकांत कामत. ‘डोंबिवली फास्ट’ (२००५) मधला माधव आपटे, हातात बॅट घेऊन निघालेला तो पापभीरू बँक कर्मचारी, त्यांनीच उभा केला. मग २००८ साली ‘मुंबई मेरी जान’ आला. त्यातला थॉमस हा रस्त्यावरचा गरीब विक्रेता. झगमगत्या दुकानात अपमान झाला म्हणून तो बॉम्बच्या खोट्या धमक्यांचे दूरध्वनी करू लागतो. एकदा त्या धावपळीत एक म्हातारा छातीला हात लावून कोसळतो आणि थॉमस हादरून जातो. पिचलेल्या माणसाची बाजू घ्यायची, पण त्याच्या रागाने जो चिरडला त्याच्यावरून नजर काढायची नाही, हा कामतांचा धर्म. मध्यंतरी ‘फोर्स’, ‘लय भारी’ असे धंदेवाईक हाणामारीचे चित्रपटही त्यांनी काढले. त्यांचे मला फारसे सोयरसुतक नाही. १७ ऑगस्ट २०२० रोजी हैदराबादेत, अवघ्या पन्नाशीत, ते गेले.

त्यामुळे दुसरा भाग अभिषेक पाठक यांच्याकडे आला. कथासूत्र पुन्हा जोसेफ यांचेच. पोलिस ठाण्याची जमीन उकरली जाते, सांगाडा निघतो, आणि तपासणी होण्यापूर्वीच विजय तो बदलतो. ही युक्ती चतुर खरी, पण इतकी चतुर की विजय माणूस न राहता गारुडी होतो. मुलाचे वडील मात्र त्याच्याकडे एवढेच मागतात, की अंत्यसंस्कारापुरते तरी काही मिळावे. सात वर्षांनी ती राख आईबापांच्या हाती येते.

आत्याच्या बोलण्याला इतक्या वर्षांनी कोणी ओ दिली, असे मला वाटले. पण पाठक येथे फार घाई करतात. न्यायालयातील उलगड्यावर उधळलेल्या मिनिटांतली चार येथे खर्चायला हवी होती. कामतांनी ती खर्चली असती. थॉमससाठी त्यांनी खर्चली होती.