माजलेल्या टोमॅटोची छाटणी

कात्री कशी चालवायची हे जालना जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. कडवंचीत १९९६ ते २००२ या काळात इंडो-जर्मन कार्यक्रमातून पाणलोटाचं काम झालं, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने ते गावाच्या साथीने पार पाडलं आणि त्या पाण्यावर द्राक्षबागा उभ्या राहिल्या. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी तिथे आता अंगवळणी पडली आहे. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या बागांमध्ये सल आणि पाणसोट काढणं हे दर हंगामाचं काम. हाच सरावलेला हात टोमॅटोच्या ओळीत शिरतो, कमरेच्या वर माजलेलं झाड पाहतो आणि ते मोकळं करायला सरसावतो. तिथेच नुकसान होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. टोमॅटोची छाटणी आवश्यक आहे, पण जालन्याच्या उन्हात ती खालून वर आणि हात राखून व्हायला हवी. वरचा पाला हा या पिकाचा अडथळा नाही, तो त्याचं भांडवल आहे.

द्राक्षवेल एवढी कठोर छाटणी का सोसते? तिच्या जुन्या लाकडात आणि मुळांत पिष्टाचा साठा असतो. काड्या छाटल्या की वेल त्या साठ्यावर नवी फूट काढते आणि पानं कामाला लागेपर्यंत तग धरते. टोमॅटोचं सारं आयुष्य चार-पाच महिन्यांचं. त्याच्याकडे असा साठा जवळजवळ नसतोच; आज पानात तयार झालेली साखर आज-उद्याच फळात उतरते. टोमॅटोच्या फळात सुमारे ९४ टक्के पाणी असतं आणि उरलेल्या भागातली बहुतेक गोडी-आंबटपणा पानांच्या कमाईतून येतो. प्रत्येक घोसाला मुख्यतः त्याच्या आसपासची पानंच पोसतात. म्हणून घोसाच्या अगदी शेजारचं हिरवंगार पान ‘फळ झाकतंय’ म्हणून तोडणं म्हणजे त्याच फळाचा घास काढून घेणं आहे.

दुसरा पुरावा उन्हाचा. टोमॅटोला लाली देणारं लायकोपिन सुमारे ३२ अंशांच्या वर नीट तयार होत नाही, पिवळा रंग मात्र तयार होत राहतो. उघड्यावर पडलेल्या फळाची साल भोवतालच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. मार्चपासून इथलं ऊन चढत जातं, एप्रिल-मेमध्ये पारा ४० पार करतो. अशा दिवसांत उघड्या केलेल्या फळाचे खांदे पिवळे आणि कडक राहतात, उन्हाकडची बाजू पांढुरकी होऊन सुरकुतते. क्रेट निवडताना ही फळं बाजूला पडतात आणि दोष वाणाला दिला जातो. शिवाय एकाच दिवशी भरपूर पाला उतरवला की पानांतून उडून जाणारं पाणी एकदम कमी होतं, मुळं मात्र पूर्वीइतकंच ओढत राहतात; वर ठिबकही नेहमीसारखं सोडलं तर फळं तडकतात.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप शेडनेटचा आहे. जाफराबाद तालुक्यात आणि शेजारच्या देऊळगाव राजाच्या पट्ट्यात भाजीपाल्याचं बीजोत्पादन मोठ्या प्रमाणावर चालतं, आणि नेटमध्ये सुतळीवर सरळ चढवलेली, एक-दोन फांद्यांवर राखलेली झाडं डोळ्यांत भरतात. तिथे जमतं, तर उघड्या रानात का नको? कारण दोन्हीकडचा हिशेब वेगळा आहे. नेटखाली ऊन मुळातच चाळून येतं. आणि तिथलं फळ बाजारात जात नाही, त्यातलं बी जातं. मादी झाडाच्या कळीतले पुंकेसर हाताने काढायचे, नर वाणाचा पराग लावायचा, संकर न झालेली फुलं-फळं खुडून टाकायची, हे सगळं नाजूक काम बहुतांशी बायकांच्या बोटांवर उभं आहे. त्या बोटांइतकी टोमॅटोची जाण क्वचितच कुठे असेल. पण तिथे झाडावर मोजकीच फळं हवी असतात. बाजाराच्या टोमॅटोला वजन हवं असतं. एका खोडावर राखलेलं झाड मोठं आणि थोडं लवकर फळ देतं, झाडामागचं एकूण उत्पादन मात्र घटतं. ती घट भरून काढायला रोपं दाट लावावी लागतात, म्हणजे रोपांचा, बांबूचा, सुतळीचा खर्च वाढला. हॉलंडच्या काचघरांत एकखोडी पद्धत टोकाला नेलेली आहे, पण वसंतात सूर्यप्रकाश वाढू लागला की तिथले उत्पादकही काही झाडांवर एक बगलफूट मुद्दाम राखतात. प्रकाश जास्त तर फांद्या जास्त, हे त्यांचं गणित. आपल्याकडे प्रकाशाची कमतरता कधी होती?

वाण ओळखल्याशिवाय तर बोटच लावू नये. फ्लोरिडात १९१४ मध्ये टोमॅटोचं एक वेगळं झाड आढळलं: फुलांचे झुपके जवळजवळ यायचे आणि अखेर शेंड्यालाच झुपका येऊन खोडाची वाढ आपोआप थांबायची. मर्यादित वाढीचे झुडपी वाण त्या एका बदलातून आले. अशा झाडाच्या बगलफुटी काढल्या तर पीकच काढून टाकल्यासारखं होतं, कारण बहुतेक फळं त्यांच्यावरच लागतात. तिथे पहिल्या झुपक्याच्या लगेच खालचा जोमदार फुटवा राखायचा, त्याच्या खालचे काढायचे आणि थांबायचं. सतत वाढणाऱ्या वाणाला तार-बांबूवर दोन, फार तर तीन फांद्या ठेवाव्यात.

मग पाला दाटला की करपा येतो, फवारणी आत पोहोचत नाही, त्याचं काय? हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच खालून छाटा असा माझा आग्रह आहे. लवकर येणारा करपा बहुधा जमिनीलगतच्या जुन्या पानांवरून वर चढतो. पावसाचे शिंतोडे मातीतली बुरशी त्याच पानांवर उडवतात. सावलीत पिवळी पडलेली ती पानं झाडाला काही कमावूनही देत नाहीत. जमिनीपासून वीतभर भाग मोकळा केला की बुंध्याशी हवा खेळते. पहिला घोस पिकायला लागला की त्याखालची पानंही काढावीत. मजुरांची चणचण असेल तर आधार बांधतानाच हे एक काम उरकावं, बाकीचं राहिलं तरी चालेल.

झाड आधीच हाताबाहेर गेलं असेल तर एका फेरीत सुधारायचा मोह आवरावा. आधी रोगट आणि पिवळं तेवढं काढा. आठवडाभराने दोन-तीन इंचांच्या कोवळ्या बगलफुटी बोटाने खुडा. पेन्सिलीएवढ्या जाड झालेल्या फुटव्याला बुडातून कापलं तर खोडाला मोठी जखम होते. त्याचा फक्त शेंडा खुडून एक-दोन पानं ठेवा, ती पानं सावली देतात. काम दव सुकल्यावर करावं, ओल्या झाडाला हात लावू नये आणि विषाणूची शंका असलेल्या झाडांना हात लागलाच तर सगळ्यात शेवटी लागावा. तंबाखू मळलेला हात साबणाने धुतल्याशिवाय टोमॅटोला लावू नये. तंबाखूवरचा मोझॅक विषाणू वाळलेल्या पानातही टिकून राहतो आणि खुडलेल्या जखमेतून सहज आत शिरतो. ही सूचना किरकोळ समजून सोडून दिली जाते, याचं मला वाईट वाटतं.

आणि झाड माजतं कशाने, हेही विचारलं पाहिजे. बहुतेकदा युरियाने आणि गरजेपेक्षा जास्त पाण्याने. नत्र भरपूर मिळालेलं झाड पाला काढत राहतं, फळ धरायला उशीर करतं. त्यातच रात्रीही उकाडा राहिला तर पराग नीट काम करत नाही आणि फुलं गळतात. अशा वेळी कात्री लावली की झाड पुन्हा फुटतं, पुन्हा कापावं लागतं. आधी नत्र थांबवावं, पाणी बेताचं करावं, पालाशकडे लक्ष द्यावं. सतत वाढणाऱ्या वाणाच्या शेंड्याचा निर्णयही हंगामावरूनच घ्यायचा. फूल उमलल्यापासून फळ पिकायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात. म्हणून हिवाळी पीक ज्या तारखेला मोडायचं असेल तिच्या सुमारे दोन महिने आधी शेंडा खुडावा, आणि शेवटच्या घोसाच्या वर दोन पानं तशीच राहू द्यावीत.